श्वासाला माप देणारे जॉन हचिन्सन

छातीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे गेलेल्या रुग्णाला एक चाचणी हमखास सांगितली जाते. नाकाला चिमटा लावायचा, छातीत मावेल तेवढा श्वास भरून घ्यायचा आणि एका नळीत तो पूर्ण जोर लावून, अखेरच्या थेंबापर्यंत सोडायचा. क्षणार्धात संगणकाच्या पडद्यावर एक वक्ररेषा उमटते आणि तिच्यासोबत काही आकडे. दमा आहे की सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा दीर्घकालीन विकार, तो किती पुढे गेला आहे, औषधाने काही फरक पडतो की नाही, या साऱ्याचा निवाडा बहुतांशी या आकड्यांवर होतो. या चाचणीचा पाया १८४०च्या दशकात लंडनमध्ये घातला गेला. तो घालणारा शल्यचिकित्सक आपले काम अर्ध्यावर सोडून सोन्याच्या शोधात जगाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि पन्नाशीच्या आसपास फिजी बेटांवर मरण पावला. त्याचे नाव डॉ. जॉन हचिन्सन.

वैद्यकाच्या इतिहासात स्टेथोस्कोपचे जनक रेने लायनेक यांना जे स्थान मिळाले, ते हचिन्सन यांच्या वाट्याला आले नाही. मात्र फुप्फुसांच्या आजाराची मोजणी करण्याची कल्पना त्यांच्याइतक्या ध्यासाने दुसऱ्या कुणी राबवली नव्हती. त्यांना काय गवसले आणि त्यांच्या हातून काय निसटले, हे दोन्ही आज सीओपीडीच्या रुग्णांच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे आहे.

कोळशाच्या मुलुखातून लंडनला

हचिन्सन यांचा जन्म १८११ साली इंग्लंडच्या उत्तरेस, टाइन नदीकाठच्या रायटन या गावी झाला. न्यूकॅसलच्या परिसरातला हा सारा मुलूख कोळशाच्या खाणींचा. जमिनीखाली उतरणारे, धूळ गिळणारे आणि अकाली धापा टाकू लागणारे मजूर हे तिथले नेहमीचे दृश्य होते. तरुण हचिन्सन वैद्यकाच्या शिक्षणासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले आणि शल्यचिकित्सक म्हणून त्यांनी व्यवसाय सुरू केला. त्यांचा पिंड केवळ वैद्याचा नव्हता. ते व्हायोलिन वाजवत, चित्रे काढत, शिल्पे घडवत. हाताने यंत्रे जुळवण्याची आवड आणि कलावंताची नजर या दोन्हींचा उपयोग त्यांना पुढे झाला.

त्या काळच्या लंडनमध्ये क्षयाने थैमान घातले होते. रोगाचे कारण अज्ञात होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला तो १८८२ साली, आणि क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ साली. तोपर्यंत डॉक्टरांच्या हाती होते ते छातीवर बोटांनी ठोकून पाहणे आणि लायनेक यांची लाकडी नळी कानाला लावणे. या दोन्ही परीक्षांचा निष्कर्ष तपासणाऱ्याच्या कानावर आणि अनुभवावर अवलंबून असे. त्याच सुमारास आयुर्विम्याचा व्यवसाय भरभराटीला आला होता. विमा कंपन्यांना अर्जदार किती वर्षे जगेल याचा अंदाज हवा असे, आणि वरून धडधाकट दिसणारा माणूस वर्ष-दोन वर्षांत क्षयाने दगावला की त्यांचा हिशेब चुके. विमा कंपनीसाठी अर्जदार तपासणाऱ्या हचिन्सन यांच्यापुढे हाच प्रश्न रोज उभा राहत होता. छातीतला रोग आवाजाने कळण्याच्या आधी आकड्याने कळू शकेल काय?

पाण्यातली घंटा

श्वास मोजण्याची कल्पना अगदीच नवी नव्हती. रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८०० सालच्या सुमारास आपल्याच फुप्फुसांतील हवेचे मोजमाप केले होते. लीड्सचे डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅकरा यांनी १८३०च्या सुमारास कारखान्यांतील कामगारांचे श्वास मोजून पाहिले होते. मात्र हे प्रयोग तुरळक होते. निरोगी माणसाचा श्वास किती असावा, हेच ठरलेले नसल्यामुळे आजारी माणसाचा आकडा कशाशी ताडून पाहायचा, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

हचिन्सन यांनी यंत्रही सुधारले आणि ही मुख्य उणीवही भरून काढली. त्यांचे स्पायरोमीटर समजायला सोपे आहे. पाण्याने भरलेले एक उंच पिंप आणि त्यात पालथे बुडवलेले दुसरे पोकळ भांडे, घंटेसारखे. या घंटेचे वजन दोरी, कप्पी आणि प्रतिभार यांच्या साहाय्याने तोलून धरलेले. माणसाने नळीतून श्वास सोडला की हवा पालथ्या भांड्यात जाते, भांडे पाण्यातून वर उचलले जाते आणि किती उचलले गेले ते शेजारच्या पट्टीवर वाचता येते. जितका श्वास मोठा, तितकी घंटा उंच.

पूर्ण श्वास घेऊन तो पूर्णपणे बाहेर टाकल्यावर जी हवा मोजली जाते, तिला हचिन्सन यांनी ‘व्हायटल कपॅसिटी’ हे नाव दिले. या मोजमापात आयुष्याचा अंदाज दडलेला आहे, अशी त्यांची धारणा होती. कितीही जोर लावला तरी छातीत काही हवा उरतेच, हेही त्यांनी वेगळे नोंदवले. ही विभागणी आजही जवळपास तशीच शिकवली जाते.

दोन हजार एकशे तीस माणसे

१८४४ साली हचिन्सन यांनी आपले प्राथमिक निष्कर्ष लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेपुढे मांडले आणि १८४६ साली त्यांचा विस्तृत प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यात २,१३० व्यक्तींची मोजणी होती. ही माणसे निवडताना त्यांनी सारे लंडन पालथे घातल्याचे यादीवरून दिसते. खलाशी होते, आगीच्या बंबावरचे जवान होते, शहर पोलीस आणि थेम्स नदीवरचे पोलीस होते, पायदळ व घोडदळातले शिपाई होते. छापखान्यातले खिळे जुळवणारे कंपोझिटर आणि छपाई कामगार होते, दारूची पिंपे वाहणारे गाडीवान होते, कारागीर, निर्धन आणि सभ्य गृहस्थही होते. मुष्टियोद्धे आणि पहिलवान होते, इतकेच नव्हे तर असामान्य उंचीची व ठेंगणी माणसेही होती. यात रोगी म्हणून मोजलेले होते अवघे साठ. रोग ओळखायचा तर आधी निरोगीपणाची व्याख्या पक्की हवी, हे त्यांना उमगले होते.

या मोजणीतून काही अनपेक्षित गोष्टी पुढे आल्या. रुंद, भरदार छातीचा माणूस अधिक श्वास घेत असणार, असा सर्वांचा समज होता. हचिन्सन यांना छातीच्या घेराचा आणि व्हायटल कपॅसिटीचा सरळ संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो उंचीशी. पाच फुटांपासून सहा फुटांपर्यंत दर इंचामागे ही क्षमता आठ घन इंचांनी, म्हणजे सुमारे १३० मिलिलिटरने वाढत होती. उंच आणि ठेंगण्या माणसांतला फरक मुख्यतः पायांच्या लांबीत असतो. मग पायांचा फुप्फुसांशी संबंध काय, हे कोडे त्यांनाही पडले, परंतु आकडे तेच सांगत होते. वयाप्रमाणे ही क्षमता हळूहळू उतरते, हेही त्यांनी दाखवले. आजच्या स्पायरोमीटरमध्ये चाचणीपूर्वी रुग्णाचे वय, उंची आणि लिंग भरावे लागते. त्यातल्या वय आणि उंचीच्या नियमांची मुळे याच मोजणीत आहेत.

महाकाय मुष्टियोद्ध्याची घसरण

आकडा कानाच्या आधी बोलतो, हे पटवून देणारे एक उदाहरण हचिन्सन यांच्या प्रबंधात आहे. फ्रीमन नावाचा एक अमेरिकन मुष्टियोद्धा १८४२ साली इंग्लंडात आला. उंची जवळपास सात फूट. लढतीच्या तयारीत असताना, म्हणजे प्रकृती ऐन भरात असताना, हचिन्सन यांनी त्याला तपासले. त्याची व्हायटल कपॅसिटी ४३४ घन इंच भरली, म्हणजे सात लिटरहून अधिक. दोन वर्षांनी तो आजारी अवस्थेत लंडनला परतला, तेव्हा त्याची पुन्हा वारंवार मोजणी झाली. आकडा पाचव्या हिश्शाहून अधिक घसरला होता. हचिन्सन त्याला स्टेथोस्कोपमध्ये निष्णात असलेल्या दोन डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोघांनाही छातीत काही दोष आढळला नाही. पुढच्याच वर्षी, १८४५ साली, फ्रीमन क्षयाने मरण पावला.

या घटनेत एक बारीक पण मोलाचा धडा होता. आजारी असतानाही फ्रीमनच्या छातीत सर्वसामान्य माणसापेक्षा कितीतरी अधिक हवा मावत होती. केवळ त्या दिवशीचा आकडा पाहिला असता, तर तो निरोगीच ठरला असता. दोष दिसला तो त्याच्याच जुन्या आकड्याशी तुलना केल्यावर. एका मोजणीपेक्षा मोजण्यांची मालिका अधिक सांगते, हे आज प्रत्येक श्वसनविकारतज्ज्ञ मानतो.

बहरातून अज्ञातवासाकडे

यानंतरची काही वर्षे हचिन्सन यांच्या कीर्तीची होती. लंडनच्या ब्रॉम्प्टन येथील क्षयरोग्यांच्या रुग्णालयात त्यांना स्थान मिळाले. शरीरशास्त्राच्या एका नामांकित कोशात छातीच्या पिंजऱ्यावरचा प्रदीर्घ लेख त्यांनी लिहिला. १८५२ साली स्पायरोमीटर, स्टेथोस्कोप आणि वजनकाटा या तीन साधनांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. आयुर्विम्यासाठी माणसे निवडताना या साधनांचा उपयोग कसा करावा, याचे विवेचन त्यात होते.

आणि त्याच वर्षी त्यांनी लंडन सोडले. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतात सोने सापडल्याच्या बातम्यांनी इंग्लंड झपाटले होते. कुटुंबाला मागे ठेवून हचिन्सन फ्रायर्स क्रीक येथील सोन्याच्या मुलुखात जाऊन राहिले. चाळिशी ओलांडलेल्या, नावलौकिक मिळवलेल्या डॉक्टरने हे पाऊल का उचलले, याबद्दल त्यांच्या चरित्रकारांनी बरेच तर्क लढवले आहेत. श्वासाच्या मोजणीचे त्यांचे मोठे काम मात्र तिथेच थांबले. १८६१ साली ते फिजी बेटांवर गेले आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात तिथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे यंत्र राहिले, पण त्याचा पाठपुरावा करणारा उरला नाही. यंत्र अवजड होते. रुग्णाने मनापासून जोर लावला नाही तर आकडा फसवा येई. पुढे जंतूचा शोध आणि क्ष-किरणे आल्यावर क्षयाच्या निदानासाठी श्वास मोजण्याची निकडही ओसरली. ज्या रोगासाठी हे साधन घडवले गेले, त्या रोगाला ते फारसे लागलेच नाही.

आकड्याचा गैरवापर

यंत्र विस्मरणात जात असतानाच त्याचा एक दुरुपयोगही झाला. अमेरिकेच्या दक्षिण भागातील सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरांनी १८५१च्या सुमारास कृष्णवर्णीयांची फुप्फुसे गोऱ्यांच्या तुलनेत उणी असल्याचा दावा केला आणि त्याचा आधार गुलामगिरीच्या समर्थनासाठी घेतला. यादवी युद्धातील सैनिकांच्या मोजणीवरील बेंजामिन गूल्ड यांच्या १८६९ सालच्या ग्रंथातही वर्णानुसार फरक दाखवला गेला. त्या माणसांचे खाणे, राहणे, बालपणातले आजार आणि राबणूक यांचा विचार बाजूला पडला आणि फरक रक्ताचा मानला गेला. हीच समजूत पुढे वंशानुसार आकडे कमी-जास्त करण्याच्या रूपाने यंत्रांत शिरली. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशनिरपेक्ष प्रमाणके वापरण्याची शिफारस केली ती २०२३ साली. एखाद्या समाजासाठी अपेक्षित आकडाच खाली धरला, तर त्या समाजातील रुग्णाचा आजार सौम्य भासण्याचा धोका असतो.

किती नव्हे, किती वेगाने

स्पायरोमीटरला नवा जन्म मिळाला तो हचिन्सन यांच्या प्रबंधानंतर शंभर वर्षांनी. हचिन्सन यांनी श्वास किती हे मोजले होते. तो बाहेर पडायला किती वेळ लागतो, हे मोजले नव्हते. सीओपीडीत नेमकी तिथेच गोम असते. या विकारात श्वासनलिका अरुंद होतात आणि फुप्फुसातील वायुकोशांचा ताण सैलावतो. हवा आत जाते, परंतु बाहेर पडताना अडखळते. सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णाला पुरेसा वेळ दिला तर तो घंटा जवळपास निरोगी माणसाइतकीच वर उचलेल. म्हणजे हचिन्सन यांच्या पट्टीवर तो पास होईल.

पॅरिसचे रॉबर्ट टिफ्नो आणि आंद्रे पिनेली यांनी १९४७ साली या मोजणीला घड्याळाची जोड दिली. जोराने सोडलेल्या श्वासातला पहिल्या सेकंदात बाहेर पडणारा भाग त्यांनी वेगळा मोजला. हाच आजच्या चाचणीतला कळीचा आकडा, ‘एफईव्ही-१’. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदातला श्वास एकूण श्वासाच्या ७० टक्क्यांहून कमी भरला, तर लक्षणे आणि पूर्वेतिहास यांच्या जोडीने सीओपीडीचे निदान केले जाते.

लंडननेच पुढे या आकड्याला आणखी अर्थ दिला. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनमधील ७९२ नोकरदार पुरुषांची आठ वर्षे पुनःपुन्हा मोजणी करून १९७७ साली निष्कर्ष मांडले. धूम्रपानाने अपाय होणाऱ्या माणसाची श्वासक्षमता इतरांपेक्षा झपाट्याने घसरते, सिगारेट सोडल्यावर गमावलेले परत मिळत नाही, पण घसरणीचा वेग मात्र सर्वसामान्यांच्या पातळीवर येतो, हे त्यांनी दाखवले. फ्रीमनच्या दोन मोजण्यांत जे दिसले होते, तेच इथे शेकडो माणसांत सिद्ध झाले.

आकड्यापलीकडचा माणूस

हचिन्सन यांचा मोजमापावर अढळ विश्वास होता. त्या विश्वासाची मर्यादा दिसली ती सीओपीडीच्या पुनर्वसनात. फुप्फुसांचे झालेले नुकसान भरून निघत नाही, म्हणून अशा रुग्णांनी विश्रांती घ्यावी, असे डॉक्टर दीर्घकाळ सांगत आले. धाप लागते म्हणून रुग्ण चालणे टाळतो, चालणे टाळल्याने पायांचे स्नायू दुबळे होतात, आणि दुबळे स्नायू थोड्याशा हालचालीलाही अधिक श्वास मागतात. असे हे दुष्टचक्र. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स डेनिसन यांनी १८९५ सालीच छातीच्या रुग्णांसाठी व्यायामाचे पुस्तक लिहिले होते. १९५०च्या दशकात ॲल्व्हन बराक यांनी आणि १९६०च्या दशकात डेन्व्हरमध्ये थॉमस पेटी यांनी व्यायाम, प्राणवायू आणि रुग्णशिक्षण यांची सांगड घालण्याचा मार्ग पुढे नेला.

आज पुनर्वसनाचा कार्यक्रम साधारणतः सहा ते बारा आठवडे चालतो. सुरुवातीला रुग्णाला सहा मिनिटे त्याच्या चालीने चालायला सांगून अंतर मोजतात. किती जिने चढल्यावर धाप लागते, आंघोळ करताना, कपडे घालताना दम लागतो काय, याची विचारपूस होते. मग चालण्याचा व हातापायांच्या ताकदीचा व्यायाम, ओठ मिटत आणून हळूहळू श्वास सोडण्याची सवय, आहार, औषधाचा पंप नीट ओढण्याचे तंत्र आणि तंबाखू सोडण्यासाठी मदत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात ६५ चाचण्यांमधील ३,८२२ रुग्णांचा विचार झाला. पुनर्वसनामुळे धाप, थकवा आणि चालण्याची क्षमता यांत ठळक सुधारणा होते, हे त्यातून स्पष्ट झाले.

लक्षणीय बाब ही, की या काळात स्पायरोमीटरवरचा आकडा फारसा हलत नाही. फुप्फुस तेच राहते, पण त्याच फुप्फुसावर माणूस बाजारापर्यंत चालत जाऊ लागतो. केवळ श्वासाचा आकडा पाहणाऱ्याला ही सुधारणा दिसणारच नाही. निदानासाठी फुंकर हवी आणि उपचाराचे फळ जोखण्यासाठी पावले मोजायला हवीत.

भारतात हा प्रश्न दूरचा नाही. २०१६ सालच्या अंदाजानुसार देशात सुमारे साडेपाच कोटी लोक सीओपीडीने ग्रस्त होते. इथे केवळ विडी-सिगारेट हे कारण नाही. आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या, कधीही तंबाखूला न शिवलेल्या बायकांनाही तो होतो. अशा रुग्णांची धाप बहुधा वयाच्या किंवा दम्याच्या खात्यावर टाकली जाते आणि फुंकरीची चाचणी होतच नाही. चाचणी झाली तरी औषधाच्या चिठ्ठीपलीकडे पुनर्वसनाचा सल्ला फार थोड्यांना मिळतो.

हचिन्सन यांनी दोन हजारांहून अधिक माणसांना आपल्या यंत्रासमोर उभे केले, कारण अंदाजावर त्यांचे समाधान होत नव्हते. त्यांची व्हायटल कपॅसिटी माणसाचे आयुष्य नेमके सांगू शकली नाही आणि त्यांच्या पट्टीला वेळेचे भान नव्हते. तरीही धाप ही केवळ सांगण्याची नव्हे, मोजण्याची गोष्ट आहे, हा त्यांचा आग्रह टिकला. घंटा आणि पाणी जाऊन तळहातावर मावणारी यंत्रे आली. पूर्वी खर्चाची आणि अवजडपणाची जी सबब होती, ती आता उरलेली नाही. उरला आहे तो प्रश्न एवढाच, की चुलीपुढे खोकणाऱ्या बाईला त्या यंत्रापर्यंत, आणि तिथून पुढे चालण्याच्या सरावापर्यंत, कोण घेऊन जाणार.